रतलामागे पाव आणा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एखाद्या गिरणीत ६४ रतल सूत निघाले, की त्या गिरणीचा कारभार चालवणाऱ्या पेढीचा, म्हणजे मॅनेजिंग एजंटाचा, एक रुपया झाला. हिशेब सोपा होता. अडत रतलामागे पाव आणा. पाव आणा म्हणजे तीन पै, आणि रुपयाच्या पै १९२. सूत विकले गेले का, कोणत्या भावाने गेले, गिरणीला चार पैसे सुटले की पदरचे गेले, हे प्रश्न या हिशेबात येतच नसत. चात्यांवरून सूत उतरले, तोलले गेले, एजंटाच्या खात्यावर रक्कम चढली.

एक गिरणी वर्षाला २० लाख रतल सूत काढते असे धरून पाहू. एजंटाची अडत झाली ३१,२५० रुपये. बाजार बसला आणि ही अडत चुकती करून गिरणीला रतलामागे एक पै तोटा येऊ लागला, तर भागधारकांच्या भांडवलातून वर्षाला सुमारे १०,४०० रुपये झिजत. एजंटाचे ३१,२५० मात्र शाबूत. त्याने आपल्या तीन पैंतली एक सोडली असती, तरी गिरणीचा तोटा भरून निघाला असता. ती सोडायला त्याला भाग पाडील असे कोणतेही कलम करारात नसे. ज्याचे पैसे गुंतले तो आणि ज्याच्या हाती कारभार तो, यांच्या हिताची फारकत इतकी उघड क्वचितच दिसते. ती मिटवायला मुंबईपासून सोलापूरपर्यंत आणि कौन्सिलापासून सुप्रीम कोर्टापर्यंत शंभर वर्षे जावी लागली.

सुरुवात ताडदेवला झाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिची यंत्रे फिरू लागली. भांडवल पाच लाख रुपये. ते शहरातल्या व्यापाऱ्यांनी मिळून उभे केले होते. एवढी रक्कम एका माणसाने विलायती यंत्रांत, कोळशात आणि न पाहिलेल्या धंद्यात घालावी, असा तो काळ नव्हता. तेव्हा पैसे अनेकांचे आणि कारभार एका पेढीचा, ही रीत पडली. ती अगदी नवी होती असेही नाही. कलकत्त्याला द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर आणि कंपनी या पेढीने १८३६ पासून स्टीम टग असोसिएशनचा कारभार याच पद्धतीने चालवला होता. मुंबईत पारशी, भाटिये, खोजे, गुजराती वाणी अशा व्यापारी घरांनी ती उचलली. १८५७ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरती मर्यादित केली, आणि लहानमोठ्या माणसांना या धंद्यात पैसे घालण्याचा धीर आला.

त्या धीराची पहिली परीक्षा भयंकर झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेल्या पैशाने शहरात कंपन्यांचे पीक आले. दिनशा वाच्छांनी या शेअरवेडावर पुस्तकच लिहिले आहे. युद्ध संपताच भाव कोसळले, १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायची वेळ आली आणि घरेच्या घरे बसली. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखे विद्वानही पोळले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, आणि दुसऱ्यांचा पैसा हाती असलेल्यांनी तो आपल्याच मित्रमंडळींना कसा उधळून दिला, ते साक्षींतून बाहेर आले.

त्यानंतर मुंबईकर कोऱ्या कागदावर विश्वास ठेवीना. त्याला नाव हवे होते. अमुक शेठ एजंट आहेत, म्हणजे गिरणी उभी राहील. ते आहेत म्हणजे बँक हुंडी स्वीकारील. ते आहेत म्हणजे लोक गिरणीत ठेवी ठेवतील. खरोखरच मुंबईच्या आणि त्याहून अधिक अहमदाबादच्या गिरण्यांचे खेळते भांडवल मोठ्या प्रमाणात अशा ठेवींवर चाले. एजंट म्हणजे लुटारू असे सरसकट लिहिणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्याने घराण्याची पत पणाला लावली नसती तर १८६५ च्या राखेतून हा धंदा उठलाच नसता. १८६५ च्या सुमारास शहरात दहाएक गिरण्या होत्या, १८९५ पर्यंत त्या सत्तरच्या घरात गेल्या.

पण या उपकाराची किंमत करारात कायमची लिहून घेतली जाई. एजंटाची नेमणूक कंपनीच्या नियमावलीतच असे, कधी वीस-तीस वर्षांसाठी, कधी मुदतीशिवाय. पेढी बापाकडून मुलाकडे जाई, आणि पेढीबरोबर गिरणीही. डायरेक्टरांचे बोर्ड असे, पण त्यात एजंटाचे आप्त, व्यापारी मित्र, दुसऱ्या गिरणीचे एजंट. वार्षिक सभेत भागधारकांच्या प्रॉक्सी त्याच्याच खिशात. लोकांची भाषा या बाबतीत फार खरी बोलते. शेकडो लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या गिरणीला एजंटाच्या घराण्याचे नाव पडे आणि त्याला सारी मुंबई ‘गिरणीमालक’ म्हणे. १८७५ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे मिलओनर्स असोसिएशनही मुख्यतः एजंटांची संघटना होती. ज्यांच्या भांडवलावर यंत्रे आली त्यांना मालक म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

आता त्या पाव आण्याकडे परत येऊ, कारण सारी गोम तिथे आहे. मोबदला वजनावर, म्हणून वजन वाढवण्याकडे ओढा. बारीक सुतापेक्षा जाड सूत भराभर निघते आणि वजनाला भरते. मुंबईच्या गिरण्या चीनच्या बाजारासाठी जाडेभरडे सूत काढत. त्याला कापसाची जात, कामगारांचा अनुभव अशी आणखीही कारणे होती, पण अडतीची पद्धत त्याच दिशेने रेटा देत होती. माल तुंबला की शहाणपण सांगे, काही दिवस यंत्रे बंद ठेवा. अडत सांगे, चालू राहू द्या. शिवाय एजंटाची पेढी एका बाजूने गिरणीची कारभारी आणि दुसऱ्या बाजूने गिरणीला माल विकणारी. कापूस तिच्यामार्फत यायचा, यंत्रे आणि कोळसा तिच्या ओळखीने, विम्याचा व्यवहार तिच्या हातून, तयार कापड तिच्याच माणसांकडून बाजारात. प्रत्येक वळणावर थोडी अडत. मोठ्या भावाने कापूस घेतला गेला तर तोटा गिरणीचा, म्हणजे अखेर भागधारकाचा. घेणारा आणि देणारा एकच असल्यावर घासाघीस कोणी करायची?

या पद्धतीला आतून धक्का दिला तो जमशेटजी टाटांनी. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि चांगल्या कारभाराने भागधारकांना भरघोस लाभांश देणारी गिरणी म्हणून नावाजली गेली. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची बंद पडू आलेली धरमसी मिल साडेबारा लाखांना घेऊन स्वदेशी मिल काढली. तिथे त्यांनी ठरवले, की एजंटाचा मोबदला सुताच्या वजनावर नाही, नफ्यावर घ्यायचा. निव्वळ नफ्याच्या दहा टक्के. नफा नाही तर अडत नाही.

ही कल्पना आज कोणालाही सहज सुचेल अशी वाटते. त्या काळी ती एजंटमंडळींना रुचणारी नव्हती. एका मोठ्या एजंटाने आपणहून असा करार केल्यावर बाकीच्या गिरण्यांचे भागधारक आपापल्या शेठना विचारू शकत होते, की तुम्ही का नाही? आणि जमशेटजींची कसोटी लगेच लागली. कुर्ल्याची यंत्रे जुनाट निघाली, माल नापसंत होऊन परत येऊ लागला, स्वदेशीचा शेअर घसरला. त्यांचे चरित्रकार एफ. आर. हॅरिस यांनी हा काळ सविस्तर सांगितला आहे. जमशेटजींनी एम्प्रेसचे काही शेअर विकून पैसा उभा केला, नागपूरची अनुभवी माणसे कुर्ल्याला आणली आणि गिरणी सावरली. वजनावर अडत घेणारा एजंट असता तर त्या जुनाट यंत्रांवरूनही त्याची मिळकत चालू राहिली असती. इथे यंत्रे सुधारल्याशिवाय कारभाऱ्याला दमडी मिळणार नव्हती. माझ्या मते मुंबईच्या औद्योगिक इतिहासात स्वदेशी मिलचा हा करार तिच्या कापडाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याची आठवण त्या मानाने फार कमी ठेवली गेली.

पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गिरण्या हळूहळू नफ्याच्या टक्केवारीवर आल्या. पण नफ्याबरोबर ‘ऑफिस अलाउन्स’ नावाचा ठराविक भत्ता आला, आणि नफा नसलेल्या वर्षासाठी किमान रक्कमही करारात शिरली. कापूस, कोळसा, विमा यांवरची अडत होती तिथेच राहिली.

पहिल्या महायुद्धाने आणि त्यानंतरच्या तेजीने गिरण्यांना न भूतो असा नफा दिला. १९१९ ते १९२१ या वर्षांत सरासरी लाभांश ३० टक्के आणि त्याहून वर गेले. या पैशातून यंत्रे बदलता आली असती, गंगाजळी भरता आली असती. त्याऐवजी पुष्कळसा पैसा वाटला गेला, आणि काही गिरण्या फुगवलेल्या किमतींना विकून नव्या कंपन्यांच्या नावाने पुन्हा बाजारात आणल्या गेल्या. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाने, ज्याचे अध्यक्ष फ्रँक नॉइस होते, या फुगलेल्या भांडवलाकडे बोट दाखवले. तोवर तेजी ओसरली होती आणि जपानी कापड दारात उभे होते.

मंदीत या पद्धतीची दोन्ही रूपे एकाच वेळी दिसली. जमशेदपूरचा पोलाद कारखाना १९२४ मध्ये पगार देण्याच्या पैशालाही महाग झाला, तेव्हा दोराबजी टाटांनी आपली खाजगी मालमत्ता, पत्नीच्या ज्युबिली हिऱ्यासकट, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे एक कोटीचे कर्ज उभे केले. कोणत्याही करारात त्यांच्यावर असे बंधन नव्हते. मुंबईच्या अनेक एजंटांनीही पडत्या काळात गिरण्यांना स्वतःचे पैसे दिले आणि ते बुडाले. डझनभर गिरण्या चालवणारी करीमभाई इब्राहिम यांची पेढी १९३३ मध्ये कोसळली, आणि एका पेढीच्या आधारावर इतक्या गिरण्या टांगलेल्या असल्या की त्या पेढीबरोबर काय काय खाली येते, हे गिरणगावाने पाहिले.

दुसरे रूप काळे होते. १९३१ च्या मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने नोंदले, की मुंबई इलाख्यात काही एजंटांनी अडचणीच्या काळात गिरणीला दिलेली आपली कर्जे डिबेंचरांत बदलून घेतली. डिबेंचर म्हणजे गिरणीवर बोजा. त्याचा मान भागधारकाच्या आधी. गिरणी कर्ज फेडू शकली नाही, की ती एजंटाच्या ताब्यात गेली आणि भागधारकांच्या भांडवलातला एक रुपयाही उरला नाही. जमीन गहाण ठेवून घेणारा सावकार आपल्या गावांना ठाऊक होता. इथे कर्ज देणारा एजंटच, आणि गिरणीच्या वतीने कर्ज घेण्याचा निर्णय करणाराही तोच. शेतकऱ्याने निदान स्वतःच्या हाताने अंगठा उठवलेला असे.

या अनुभवांतून १९३६ चा कायदा आला. सरकारचे कायदा सदस्य (लॉ मेंबर) सर नृपेंद्रनाथ सरकार यांनी मध्यवर्ती असेंब्लीत मांडलेली ही दुरुस्ती १५ जानेवारी १९३७ पासून लागू झाली. एजंटाची मुदत वीस वर्षांच्या वर नाही. बोर्डावर त्याने नेमलेली माणसे एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. कंपनीने एजंटाला कर्ज देऊ नये. एकाच एजंटाच्या कंपन्यांनी एकमेकींना पैसे फिरवू नयेत. मोबदला निव्वळ नफ्याच्या टक्केवारीने. जमशेटजींनी १८८६ मध्ये स्वखुशीने केलेल्या गोष्टीला कायद्याचे रूप यायला पन्नास वर्षे लागली. आणि तरी किमान रक्कम व ऑफिस अलाउन्स यांची वाट कायद्याने मोकळीच ठेवली.

या कथेतला सर्वांत बोलका प्रसंग मला सोलापुरात सापडतो. तिथली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, लोकांच्या तोंडची जुनी मिल, १८७४ ची. मोरारजी गोकुळदास यांनी ती काढली आणि त्यांच्या नावाची पेढी तिची मॅनेजिंग एजंट होती. २७ ऑगस्ट १९४९ ला ही गिरणी बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला. त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले होते, की गैरकारभार आणि दुर्लक्ष यांमुळे गरजेच्या मालाचे उत्पादन अडले आहे आणि बेकारी ओढवली आहे. एजंटांचा करार संपला. डायरेक्टरांची पदे गेली. त्यांच्या जागी सरकारने आपले डायरेक्टर नेमले. एप्रिलमध्ये वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली.

इथवर भागधारकाला न्याय मिळाला असे वाटावे. पण त्याच कायद्याने त्याचे हातही बांधले. त्याला डायरेक्टर निवडता येईनात. सभेत केलेला ठराव सरकारने मान्य केल्याशिवाय अंमलात येईना. गैरकारभार केला एजंटांनी आणि मताचा हक्क गेला भागधारकाचा. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक हे गाऱ्हाणे घेऊन थेट सुप्रीम कोर्टात गेले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. ४ डिसेंबर १९५० ला पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा अर्ज फेटाळला. बहुमताचे म्हणणे असे, की शेअर अजून त्यांचेच आहेत, लाभांश घेण्याचा आणि शेअर विकण्याचा हक्क शाबूत आहे. मत देण्याचा हक्क थांबला म्हणजे मालमत्ता हिरावली असे होत नाही.

प्रश्न तिथे मिटला नाही. सरकारनियुक्त डायरेक्टरांनी अर्धवट भरलेल्या प्रेफरन्स शेअरांवर आणखी ५० रुपयांची मागणी काढली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाच्या नावावर ती रक्कम दीड लाखाच्या वर गेली. आपण न निवडलेल्या कारभाऱ्यांनी आपल्याकडे पैसे मागावेत आणि आपण त्यांना जाब विचारू नये, हे त्यांना मान्य नव्हते. १८ डिसेंबर १९५३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई न देता कंपनीची मालमत्ताच व्यवहारात काढून घेतली गेली आहे, आणि हे घटनेला धरून नाही, असे ठरले. मला या निकालात कायद्याच्या कलमापेक्षा एक जुनी गोष्ट अधिक दिसते. कारभार एजंटाकडून सरकारकडे गेला तरी ज्याचे भांडवल त्याला विचारायचे नाही, ही सवय बदलली नव्हती.

याच वर्षांत नवा कंपनी कायदा घडत होता. सी. एच. भाभा समितीने १९५२ मध्ये अहवाल दिला. विधेयक पुढे नेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. एजन्सी तडकाफडकी मोडावी असा जोरदार आग्रह होता, आणि ती गेली तर नवे उद्योग कोण उभारणार, हा सवालही तितकाच खरा होता. देशमुखांनी मधला मार्ग घेतला. १ एप्रिल १९५६ ला लागू झालेल्या कायद्याने एजंटाला नफ्याच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि सर्व वरिष्ठ कारभाऱ्यांच्या एकूण मोबदल्याला ११ टक्क्यांची. जुने करार १५ ऑगस्ट १९६० ला संपणार, नव्याने हवे असतील तर भागधारकांची आणि सरकारची मंजुरी घ्यायची, आणि त्या दिवसापासून एका एजंटाकडे दहापेक्षा जास्त कंपन्या नाहीत. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. पद्धत एका फटक्यात मोडली नाही, पण तिला आपली गरज सिद्ध करायला लावले, आणि ती सिद्ध करता आली नाही. बँका आणि सरकारी वित्तसंस्था आता भांडवल पुरवू लागल्या होत्या. शेठच्या नावाची पूर्वीइतकी गरज उरली नव्हती. १९६६ मध्ये आय. जी. पटेल समितीने कापड, ताग, साखर अशा जुन्या उद्योगांतून एजन्सी हटवण्याची शिफारस केली. १९६९ च्या दुरुस्तीने सर्वच उद्योगांतून ती हटवण्याचे ठरले.

३ एप्रिल १९७०, शुक्रवार, या दिवशी भारतातली मॅनेजिंग एजन्सी संपली. पुष्कळ घराण्यांचे तेच लोक मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून त्याच खुर्चीत बसले. फरक एवढा, की आता त्यांची नेमणूक मुदतीची होती आणि ती भागधारकांसमोर मतदानाला येत होती. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १९७ व्या कलमात पब्लिक कंपनीच्या वरिष्ठ कारभाऱ्यांच्या एकूण मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा आजही आहे. ती ओलांडायची तर भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते.